रेडिएशननंतर जबड्याकडे कोण बघणार?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन झालं की घरच्यांना वाटतं सुटलो, पण जबड्याच्या हाडाचं दुखणं कधी कधी वर्षांनी उभं राहतं आणि त्याबद्दल आधी कुणी धड सांगितलेलंच नसतं, याचा फार राग येतो. रेडिएशनमुळे हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, पेशी मरतात, मग साधा दात काढला तरी जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. खालच्या जबड्याला हे जास्त होतं, आणि डोस ६० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) वर गेला की धोका वाढतो. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात.

उपाय आहेत हो! सुरुवातीला अँटिबायोटिक, तोंडाची स्वच्छता, मेलेला तुकडा काढणं, बरेच डॉक्टर पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारं औषध) आणि व्हिटॅमिन ई एकत्र देतात. हाड मोडलं किंवा गालाला भोक पडलं तर मात्र तेवढा भाग काढून पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट बसवतात, मोठं ऑपरेशन आहे पण माणूस परत जेवायला लागतो. हायपरबेरिक ऑक्सिजनचा, म्हणजे जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन देण्याचा, बराच गाजावाजा होतो, पण दात काढताना किंवा इम्प्लांट बसवताना प्रतिबंध म्हणून तो दिला तर फायदा होतो का हे बघणाऱ्या २०१९ च्या होपॉन ट्रायलमध्ये काही फायदा दिसला नाही, तेव्हा खर्च करण्याआधी नीट विचारा.

माझी मागणी एवढीच की रेडिएशन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पेशंटला डेंटिस्टकडे पाठवायलाच हवं, खराब दात निदान दोन-तीन आठवडे आधी काढून टाकावेत, आणि नंतर कुठल्याही डेंटिस्टकडे गेलं तरी रेडिएशन झालंय हे पहिल्यांदा सांगावं, अगदी दहा वर्षं झाली असली तरी.

एक वाचक