सूचना : ‘मस्करी होती’ म्हणून सोडून देऊ नका

सर्व सदस्यांनी कृपया नोंद घ्यावी.

नवीन सत्र सुरू झालंय. वर्गाच्या ग्रुपवर एखाद्याच्याच फोटोचे रोज स्टिकर पडतात, तो काही लिहायला लागला की सगळे गप्प, आणि वर “मस्करी होती रे, मनाला काय लावून घेतोस!” मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: हेतू दुखवण्याचा, प्रकार वारंवार, आणि समोरच्याला प्रतिकार करणं अवघड जावं इतकी ताकदीची तफावत. ही तिसरी आपल्या नजरेतून हमखास सुटते.

असं दिसल्यास स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा आणि समन्वयकांना कळवा. फॉरवर्ड करू नका, अगदी ‘जागृतीसाठी’सुद्धा; ज्याचा फोटो आहे त्याचा तो पुन्हा तमाशाच.

“जरा खंबीर हो” हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. पाठीशी माणसं असली की खंबीरपणा येतो. सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसलात तरी पुष्कळ. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर मात्र ‘कुणाला सांगू नकोस’ हे वचन बाजूला ठेवून ताबडतोब समुपदेशकांना गाठा, त्याला एकटं सोडू नका.

कोणाचंही नाव या ग्रुपवर लिहू नये.

– समन्वयक