चि. निनादला, स्पॅनिशच्या शून्याबद्दल

एडिसन, रविवार रात्र

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोन मी आपटला, हे आधी कबूल करते. बाबा म्हणाले मेसेज कर, पण मेसेजला तू नुसता अंगठा दाखवतोस आणि मोकळा होतोस. म्हणून पत्र. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत भांडताना माझी वाक्यं मध्येच अडकतात आणि तू जिंकतोस. रविवारच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत गेला आहेस. सावकाश वाच, जमेल.

स्पॅनिशच्या निबंधात शून्य मिळालं ते मिळालं. सिलॅबसच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की शब्दकोश चालेल, भाषांतराचं यंत्र चालणार नाही. तू इंग्रजीत लिहून यंत्रात घातलंस, बाहेर आलं ते रात्री 11.58 ला जमा केलंस आणि बाईंनी ओळखलं. त्यावर मी काही बोलणार नाही. माझी झोप उडाली आहे ती दुसऱ्याच गोष्टीने. बाईंनी तुला ऑफिसात बोलावलं, निबंधातल्या 'उबिएरा साबीदो'वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे रूप वर्गात अजून झालेलं नाही, याचा अर्थ सांगतोस? आणि तू काय केलंस? 'काही नाही, नुसता बसलो.' किती वेळ रे? 'पाच मिनिटं असतील.'

पाच मिनिटं! चुकलो म्हणायला पाच सेकंद लागतात.

बघ, सुरुवातच झाली माझी. थांबते.

सप्टेंबरात ऑनलाइन कोडचे पैसे भरायचे होते तेव्हा तू सिलॅबसचा फोटो पाठवला होतास. शुक्रवारी तो छापून फ्रिजवर लावला. बाबा म्हणाले, कोर्स कुणी घेतलाय, तू की त्याने? त्यांना बोलू दे. मी हिशोब केलाय. वर्गातल्या सहभागाचे 20, ऑनलाइन गृहपाठाचे 15, दोन निबंधांचे प्रत्येकी 10, तोंडी परीक्षेचे 15, चाचण्यांचे 15 आणि शेवटच्या परीक्षेचे 15. म्हणजे तुझे गेले फक्त दहा. नव्वद अजून पडलेत. आणि सहभाग अधिक तोंडी, म्हणजे शंभरातले पस्तीस नुसते तोंड उघडण्याचे! ते तू उघडतोस का, एवढंच मला माहीत नाही. चार क्रेडिटचा कोर्स आहे, तर वर्गाबाहेर आठवड्याला आठ तास द्यायचे असतात. तू किती देतोस तेही माहीत नाही. विचारलं की 'इट्स फाइन' म्हणतोस.

कोर्स सोडायचा म्हणतोस. निर्णय तुझा. सोडलास तर ट्रान्सक्रिप्टवर एक 'डब्ल्यू' येईल, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची खूण, त्याने आभाळ कोसळत नाही. पण तुमच्या कॉलेजची भाषेची अट तिथेच राहील आणि पुढच्या वर्षी हेच पुस्तक, हाच भूतकाळ, हीच तोंडी परीक्षा. निर्णय तुझाच आहे. सोडू नकोस.

काल लायब्ररीतून स्पॅनिश व्याकरणाचं पुस्तक आणलं. हसू नकोस. वेअरहाऊसमध्ये शिकलेली माझी स्पॅनिश सगळी खोक्यांची आणि डब्यांची, तिला व्याकरण असतं हे मला इतक्या वर्षांनी कळतंय. रात्री एक वाजेपर्यंत वाचत होते आणि सारखं वाटत होतं, अरे, हे तर आपलंच आहे! 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. इंग्रजी बोलणारी मुलं इथे 'आय लाइक' शोधत बसतात म्हणे. तुला शोधायची गरजच काय? आंबे अनेक झाले की क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, आपण आपले बाजूला 'मला' म्हणून उभे. हे तुला दोन वर्षांचा असल्यापासून येतंय. 'मला नाई आवलत' म्हणून भेंडी फेकायचास तेव्हापासून. उच्चाराचंही तेच. बाकीची मुलं 'टाको' म्हणतात, तुझ्या जिभेला मुळातला 'त' आहे. 'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे तू आणि तुम्ही. वाईच्या आजोबांना कधी चुकून तरी 'तू' म्हणालास का?

आणि ते दोन भूतकाळ, ज्यांच्यासाठी हा निबंध होता. मला आधी वाटलं काहीतरी भयंकर असेल. मग उदाहरण वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. फोनवर तू म्हणाला होतास, विषय 'लहानपणची एक आठवण' होता आणि तू वाईच्या गच्चीवरच्या पावसाचं लिहिलं होतंस. निनाद, मला ते तेव्हाच वाचायला का नाही पाठवलंस?

आम्ही गच्चीवर झोपायचो. दोर्मीआमोस. रोजचं, कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते कुणी विचारत नाही. आजी कुरडया वाळत घालायची, आजोबा पांडवगडाकडे तोंड करून रेडिओ लावायचे, तू आणि ऋता गादीवर मधल्या जागेसाठी भांडायचात. हे सगळं '-यचो, -यचे, -यचात'. आणि मग एका रात्री वळीव आला. एम्पेसो आ योबेर. पाऊस पडायला लागला, एकदाच, त्या रात्री. आजी ओरडली, 'गाद्या राहू देत, कुरडया उचला!' आणि तू सात वर्षांचा, अर्धवट झोपेत, डोक्यावर कुरडयांचं ताट धरून जिन्यावरून उतरलास. एक कुरडई खाली पडू दिली नाहीस. 'उतरलास', 'दिली नाहीस', हा दुसरा भूतकाळ. सवयीचं एकात, घडलेलं दुसऱ्यात. मराठीत तू कधी चुकला नाहीस यात. तेच ताट घेऊन स्पॅनिशमध्ये उतरायचं होतं. सांडलं असतं थोडं, लाल पेनाने बाईंनी गोल केले असते, दुसऱ्या ड्राफ्टला नीट झालं असतं. त्यासाठीच तर ड्राफ्ट दोन घेतात.

यंत्राला ती गच्ची काय माहीत.

माझं मी सांगते, आता तू मोठा झालास. ग्रीन कार्ड आल्यावर 2008 मध्ये मी त्या पॅकिंगच्या कामाला लागले. तू दोन वर्षांचा होतास. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली मुलगी खोक्यांना टेप लावते, हे मी वाईला कधी कळवलं नाही. 'ऑफिसात आहे' म्हणायचे. लाइनवर सगळ्या बायका स्पॅनिश बोलायच्या, सुपरवायझर इंग्रजी, आणि मी तीन आठवडे दोन्हींत गप्प. चूक होईल म्हणून. डबा एकटी खायचे. शेजारी रोसा असायची, मेक्सिकोतल्या ओआहाकाची. तिने एक दिवस माझ्या पोळीकडे बोट दाखवून काही विचारलं. मला कळलं नाही. मी मान खाली घातली. ती थांबली, परत विचारलं. असं चार दिवस. पाचव्या दिवशी मी म्हणाले, 'पोळी. गव्हाची.' मराठीतच! तिने तिचा तोर्तिया अर्धा तोडून दिला.

मग मी बोलायला लागले, आणि काय बोलले! दिवसभर उभं राहून पाय मोडले होते. 'थकलेय' म्हणायचं होतं, एस्तोय कान्सादा. मी म्हणाले, 'एस्तोय कासादा, मुय कासादा!' म्हणजे, माझं लग्न झालंय, फारच लग्न झालंय. अख्खी लाइन थांबली. रोसा डोळे पुसत म्हणाली, 'यो ताम्बिएन', मी पण. तुझ्या बाबांना हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. नंतर कळलं की रोसाच्या घरचीही भाषा स्पॅनिश नव्हतीच. तिची आई सापोतेक बोलायची, रोसा स्पॅनिश शिकली ती शाळेत, मार खात. माझ्या चुका ती का सुधारत बसायची नाही, ते मला तेव्हा समजलं.

काय सांगत होते? हं, बोलण्याचं. तुमच्या पुस्तकात 'असणे'ची दोन क्रियापदं आहेत, त्यावर काल रात्री मी अडले. व्याकरण कळलं, तरीही. 'एरेस कायादो' म्हणजे तू स्वभावाने अबोल आहेस. ते मला माहीत आहे, बाबाही तसेच, त्यांच्याशी वीस वर्षं संसार केलाच की. पण 'एस्तास कायादो' म्हणजे तू आत्ता गप्प आहेस, एरवी नसतोस. ऑगस्टपासून तू मला दुसऱ्या प्रकारचा वाटतोस. रूममेटबद्दल सांगायचास, ते बंद झालं. फोनवर टीव्हीचा आवाज तुझ्यापेक्षा जास्त येतो. मला कुठलं क्रियापद वापरायचं ते तूच सांग.

नसेल सांगायचं तर नको. नाही, सांग.

आणि खरं तर मला बोलायचा अधिकारच नाही. ऑगस्टमध्ये बाबांच्या हृदयाची तपासणी झाली ते तुला सांगितलं नव्हतं. रिपोर्ट ठीक आहे, गोळी सुरू आहे, चालायला जातात. तू नुकता हॉस्टेलवर गेला होतास, कशाला घोर लावायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तर हे असं आहे. तू आकाशातून पडलेला नाहीस. गुरुवारी 'आम्ही एवढे पैसे भरतो' म्हणाले, तेही चुकलंच. पैशाचं कुणाला वाटत होतं? मी घाबरले होते, आणि घाबरले की मी पैशाचं बोलते. तुला माहीत आहे.

त्या पुस्तकात पुढे सब्जंक्टिव्हचे धडे आहेत, तुमचे नोव्हेंबरात येतील. अवघड म्हणून बदनाम आहेत. तू घाबरू नकोस. 'किएरो के आब्लेस', तू बोलावंस असं मला वाटतं. बोलावंस, खावंस, झोपावंस, फोन करावास. मराठीत याला विध्यर्थ म्हणतात आणि आईचं अर्धं बोलणं त्यातच असतं. एकोणीस वर्षं ऐकतोयस, तोंडी परीक्षेत कामाला येईल. परीक्षा जोडीने आहे ना, दहा मिनिटांची, कागद न घेता? मग जोडीदार ठरव आणि आत्तापासून बोलत बस. कुणी नसेल तर मी आहे. माझी स्पॅनिश खोक्यांची आहे, पण मंगळवारी आणि गुरुवारी साडेनऊनंतर मी मोकळी असते. शनिवारी बाबांचा ब्रिज असतो, तेव्हाही चालेल.

बाईंना मेल लिही. इंग्रजीत लिही, पण स्वतः लिही. 'मी गप्प बसलो कारण मला लाज वाटली,' एवढं पुरे. जमलं तर त्यांना विचार, गुण नकोत, पण गच्चीचा निबंध पुन्हा माझ्या स्पॅनिशमध्ये लिहून दाखवू का? नाही म्हणाल्या तर मला दाखव. 'कुरडई'ला स्पॅनिश शब्द शोधू नकोस, सापडणार नाही. कुरडईच लिही.

थंडी सुरू झाली असेल. तो निळा स्वेटर खोक्यात तळाशी आहे, अक्रोडांच्या पिशवीखाली.

हे पत्र फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून भाषांतर करू नकोस. एखादा शब्द अडला तर विचार. मी जागी आहे.

तुझी,
आई