लॅबवाल्या भाऊंचे जाहीर आभार

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

पाळीव कबुतरांच्या रक्ताच्या स्लाइडी घेऊन मी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा टेबलावर तापाच्या पेशंटच्या काचांचा ढीग होता. गडचिरोलीचा पावसाळाच तसा. तरी ड्युटी संपल्यावर तुम्ही बसलात. पाखराच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, माणसाच्या पेशीत नसतं. पण त्याची सवय व्हायला तुम्हाला वेळ लागला नाही.

माझं काम पाखरांच्या मलेरियाचं. परजीवीच्या सायटोक्रोम बी जनुकाचा ४७९ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि २००९ साली जगापुढे आलेल्या ‘मालअवी’ या नोंदसंग्रहाशी जुळवायचा, की परजीवीच्या वंशाचा, म्हणजे जनुकाच्या अक्षरांवरून ओळखलेल्या प्रकाराचा, कोड मिळतो. असे हजारो वंश तिथे आहेत, पण बहुतेकांना अजून जातीचं नाव नाही. एसजीएस१ आणि जीआरडब्ल्यू४ हे वेगवेगळे वंश दोन्ही प्लाझ्मोडियम रेलिक्टम या एकाच मलेरिया परजीवीच्या जातीचे आहेत, हे नुसती अक्षरं वाचून कुणाला कळलं असतं? त्यासाठी त्याच पाखराच्या रक्ताची काच कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते.

एका कबुतराच्या जनुक अहवालात एकच वंश आला होता, हिमोप्रोटियसचा, म्हणजे प्लाझ्मोडियमच्या नात्यातल्या दुसऱ्या रक्तपरजीवीचा. तुम्ही काच बराच वेळ सरकवत राहिलात आणि म्हणालात, “ताई, हे मिक्स आहे. येच्यात दोन जाती दिसून रायल्या.” एका पेशीत केंद्रकाला कवेत घेतलेला, रंगद्रव्याचे दाणे असलेला लांबट परजीवी होता. दुसरीत मात्र परजीवीचं विभाजन चाललं होतं. हिमोप्रोटियस रक्तात विभागत नाही, प्लाझ्मोडियम विभागतो. मिश्र संसर्गात पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून वाचायचं तंत्र, कधी कधी एकालाच उचलतं. त्या एका कोडाखाली दोघांचं रूप मिळून लिहिलं गेलं असतं, तर पुढे तोच कोड सापडणारा प्रत्येक जण त्या वर्णनावर विसंबला असता. माणसाच्या मलेरियाचे पीव्ही (व्हायवॅक्स) आणि पीएफ (फाल्सिपेरम) एकाच काचेवर ओळखायची तुमची नजर इथे कामी आली. ते पाखरू आता कोडाला परजीवीचं रूप जोडायच्या यादीतून बाजूला ठेवलंय. एकच संसर्ग असलेली, परजीवी भरपूर दिसणारी काचच त्यासाठी घ्यायची.

बाकीचंही तुमच्याकडूनच शिकले. दमट हवेत स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) पंख्याखाली लगेच वाळवायचा, मिथेनॉलमध्ये त्याच दिवशी पक्का करायचा, जिम्सा या रंगाला बोअरचं पाणी वापरायचं नाही, ७.२ पीएचचं बफरच (आम्लता ठरलेली राखणारं द्रावण) घ्यायचं. आणि काचा झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, नाहीतर मुंग्या रक्त खाऊन टाकतात! पुस्तकातही हे असतं, पण हाताला वळण तुम्ही लावलंत.

१८९८ साली कलकत्त्यात रोनाल्ड रॉस यांनी डासांतून मलेरिया कसा पसरतो हे पाखरांवरच दाखवलं, ते ऐकून तुम्ही खूश झाला होतात. त्यावरचा मराठी मजकूर पुढच्या खेपेला आणते.

भाऊ, प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमचं नाव पदासकट लिहायचं आहे. तेवढी परवानगी द्या.

तुमची,
कबुतरांच्या स्लाइडीवाली ताई