नैराश्याची चाचणी आणि न विचारलेले प्रश्न

संपादक महोदय,

नैराश्याचे निदान बायकांमध्ये पुरुषांच्या दीडपट ते दुप्पट होते. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १,२२,७२४ पुरुषांच्या आहेत. या तफावतीचे एक कारण तपासणीच्या पद्धतीत आहे, आणि ते दूर करता येण्याजोगे आहे.

नैराश्याच्या तपासणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी. यात उदासी, झोप, भूक, थकवा सगळे आहे. चिडचिड आणि दारू नाही. पुरुष ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, गुण कमी भरतात आणि तो घरी जातो. म्हणून त्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत: हल्ली राग लवकर येतो का? दारू वाढली आहे का? घरच्यांनाही विचारावे. रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ मात्र सांगू नये. एकदम सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

बायकांच्या बाबतीत तपासणीत चूक वेगळी होते. ‘अंग दुखतं, डोकं जड होतं’ म्हणत आलेल्या बाईला सलाईन आणि टॉनिक मिळते. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायलाच हवे. पण रिपोर्ट चांगला आला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. तिच्याशी नवरा-सासूला बाहेर थांबवून बोलावे, नाहीतर मारहाणीबद्दल ती बोलणारच नाही. त्रासाचा तोच तो विचार मनात घोळवत राहण्याची सवय बायकांमध्ये जास्त आढळते. नुसते ‘मन मोकळं कर’ म्हणून ती सुटत नाही; बोलून झाल्यावर लगेच करता येईल असे एक छोटे काम ठरवावे लागते.

नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुष्कळ जण त्याआधीच सोडतात, बाकीच्यांपैकी अनेक बरे वाटताच. बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने ते चालू ठेवावे लागते.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर माणसाला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके कुलूपबंद करावीत किंवा घराबाहेर हलवावीत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर हा क्रमांक छापावा, अशी आमची मागणी आहे.

– समुपदेशकांचा एक गट, सातारा