रोडिओतील स्वारांचे श्रेय

रविवारच्या पुरवणीतील रोडिओविषयीच्या लेखात उधळणाऱ्या घोड्या-बैलांवर स्वारी करण्याच्या या अमेरिकी खेळाला व्यावसायिक रूप दिल्याचे सारे श्रेय आयोजकांना दिले आहे, ते पटत नाही. १९२९ साली आयोजकांनी संघटना स्थापून नियमांत एकसूत्रता आणली हे खरे. परंतु स्वखर्चाने प्रवास करून, प्रवेशशुल्क भरून आणि हाडे मोडण्याचा धोका पत्करून उतरणाऱ्या स्वारांच्या वाट्याला तुटपुंजी बक्षिसेच येत. १९३६ मध्ये बोस्टन शहरातील ‘बोस्टन गार्डन’ या क्रीडागृहात ६१ स्वारांनी संप केला, तेव्हा कुठे प्रवेशशुल्काची रक्कम बक्षिसांत मिळवण्याची त्यांची मागणी मान्य झाली. त्यातूनच ‘काउबॉइज टर्टल असोसिएशन’ उभी राहिली. संघटित व्हायला कासवाइतका वेळ लागला, पण अखेर मान बाहेर काढली, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आजची व्यावसायिक रोडिओ संघटना तिचीच वारस असताना लेखात तिचा उल्लेखही नसावा, याचा खेद वाटतो.

– एक वाचक, सातारा