काकू, तुमचे ते दोन तास

काकू,

परवा शिक्षण परिषदेत आपल्या शाळेच्या चौथीचं गणित सुधारलं म्हणून माझं नाव घेतलं गेलं. टाळ्या वाजल्या. घरी येईपर्यंत मला चैन पडलं नाही. त्या बैठकीला खिचडी शिजवणाऱ्या बाईला कुणी बोलावत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीचा कापसाचा हंगाम आठवा. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन महिना झाला होता. दुसऱ्या रांगेतला तो पोरगा रोज अकराच्या सुमारास पेंगायचा. हातच्याची वजाबाकी कितीदा सांगितली तरी फळ्याकडे नुसता पाहत राहायचा. 'लक्ष देत नाही' असं मी त्याच्या वहीत लिहिलं आणि एकदा सगळ्यांसमोर रागावलेसुद्धा. तुम्ही दाराशी तांदूळ निवडत होता. सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणालात, "मॅडम, त्याले नका बोलू. पोट्टं रातच्या जेवणावर हाय. माय त्याची सात वाजताच वेचाले जाते."

मी त्याच्या घरी दोनदा जाऊन आले होते. तरी हे मला दिसलं नव्हतं.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितकं लवकर वावरात जावं तितकं पदरात पडतं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कितीतरी घरांत सकाळची चूलच पेटत नाही, आणि आपली शाळा जेवण द्यायची दीड वाजता. म्हणजे गणित आणि भाषा हे दोन्ही तास लेकरं उपाशीपोटी बसायची आणि शिकवलेलं डोक्यात शिरत नाही म्हणून मी त्यांना कच्चं ठरवायची. पाचवीपर्यंतच्या लेकरामागे 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं, हे सगळं मी दर महिन्याच्या नोंदीत भरत होते. ते पोटात किती वाजता जातं, हा रकाना त्यात नाही.

तुम्ही मात्र ताटं पाहत होता. सोमवारी भाताचं पातेलं खरडून निघतं, शनिवारी भात उरतो, हे तुम्हीच मला दाखवलंत. रविवारी शाळेचं जेवण नसतं, एवढं साधं कारण.

मी लहान असताना शाळेतून महिन्याला 3 किलो तांदूळ पिशवीत मिळायचा. तो घरी जायचा आणि घरातली सगळी माणसं खायची. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, त्यामागचं कारण मला खरं उमगलं ते तुमच्या चुलीजवळ.

मग मी भीत भीत विचारलं, जेवण साडेअकराला देता येईल का? तुम्ही लगेच हो म्हणालात. तुम्ही स्वतः सकाळी आठ ते दहा या वेळात वेचणी करून मग शाळेत येत होता, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. पूर्ण हंगामभर तुम्ही ते दोन तास सोडलेत. रोजचे दहा-बारा किलो तरी गेले असतील. तोंडातून एक शब्द काढला नाहीत.

तो पोरगा पंधरा दिवसांत बदलला असं मी म्हणणार नाही. आधी पेंगणं थांबलं. मग तो प्रश्न विचारायला लागला. हातच्याची वजाबाकी त्याला पौष लागल्यावर जमली.

आणि ती तिसरीतली मुलगी! हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसत्या गैरहजेरीच्या खुणा होत्या. आईबाप वावरात, दोन वर्षांचा भाऊ तिच्या कडेवर. "घेऊन ये त्याले, माझ्यापाशी राहीन," असं तुम्हीच तिला सांगितलंत. तो स्वयंपाकखोलीच्या सावलीत वरणाच्या डावाशी खेळायचा आणि ती वर्गात वाचायची.

आता मी कुठल्याही लेकराच्या वहीत शेरा लिहिण्याआधी तुमच्याकडे येते. तुमच्याकडून शिकायला मला उशीरच झाला, काकू. मनापासून आभार.

यंदाही दसऱ्यानंतर जेवण साडेअकरालाच ठेवू. पण तांदूळ निवडणं, डाळ धुणं, भाजी चिरणं माझ्याकडे. मी साडेआठला शाळा उघडते. तुम्ही दहापर्यंत तुमची वेचणी करून या.

तुमची,
मॅडम