सूचना : ‘फेअरी क्वीन’ या जुन्या वाफेच्या इंजिनाच्या सहलीबाबत

सप्रेम नमस्कार,

सहलीची बैठक येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, सांगलीत नेहमीच्याच ठिकाणी आहे. नावं तेव्हाच नक्की करायची आहेत. मागाहून फोन करून “एक सीट बघा ना” म्हणू नये, ही विनंती.

नवीन सभासदांसाठी थोडंसं. हे इंजिन १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्सला बांधलेलं. १९०९ मध्ये निवृत्त झालं आणि पुढची कित्येक वर्षं नुसतं शोभेला उभं होतं. १९९७ मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा प्रवासी घेऊन दिल्ली–अलवर धावलं, म्हणजे तब्बल ८८ वर्षांनी! पुढे पुन्हा बंद पडलं, तेव्हा चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात दुरुस्ती झाली. २०१७ पासूनच्या फेऱ्या दिल्ली छावणी ते रेवाडी अशा. जुन्या बॉयलरचा भरवसा नसतो, म्हणून रेल्वेने फेरीची तारीख जाहीर केल्यावरच आपण मिरजेहून गोवा एक्सप्रेसची तिकिटं काढणार. आधी नाही.

रेवाडीच्या इंजिन शेडमध्ये ‘अकबर’ हे डब्ल्यूपी जातीचं (प्रवासी गाड्या ओढणारं) वाफेचं इंजिनही बघायचंय. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

पांढरे कपडे घरीच ठेवा. खिडकीत बसणाऱ्यांनी चष्मा लावावा, कोळशाची कणी डोळ्यात गेली की दिवस वाया जातो. मिरज–कुर्डुवाडी नॅरोगेजने प्रवास केलेल्या काकांना हे सांगायला नकोच. त्यांनी जुने फोटो, तिकिटं असतील तर बैठकीला जरूर आणावीत.

– कार्यवाह